हुर्यो नव्हे, ब्रूऽऽस!

एक गंमत सांगून सुरुवात करतो. १९९९ च्या जुलै-ऑगस्टमधली गोष्ट. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात येऊन मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. कंपनीतल्या एका सहकाऱ्याने फार आग्रह करून मला एका रॉक गायकाच्या कार्यक्रमाला नेलं. ईस्ट रदरफर्डचं ते बंदिस्त क्रीडागृह हजारो माणसांनी खच्चून भरलं होतं. दिवे गेले, गायक मंचावर आला आणि सगळं क्रीडागृह एका सुरात ओरडायला लागलं, "बूऽऽऽ!" मी चक्रावलो. आपल्याकडे नाटक पडलं की प्रेक्षक हुर्यो उडवतात. पण इथे तर या माणसाने अजून तोंडही उघडलं नव्हतं! मी सहकाऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "काय चुकलं बिचाऱ्याचं?" तो हसत सुटला. म्हणाला, "अरे, ते 'बू' नाही, 'ब्रूस' म्हणतायत सगळे!"

तो गायक म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन. जन्म २३ सप्टेंबर १९४९. न्यू जर्सीतल्या फ्रीहोल्ड नावाच्या छोट्या गावात वाढलेला. त्याचा पहिला अल्बम १९७३ चा. १९७५ मध्ये 'बॉर्न टू रन' आला आणि ऑक्टोबरच्या एकाच आठवड्यात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांच्या मुखपृष्ठांवर त्याचा चेहरा झळकला. १९८४ च्या 'बॉर्न इन द यूएसए'ने तो जगभर पोचला. पण आज मला त्याच्याबद्दल फारसं बोलायचं नाही. बोलायचं आहे ते त्याच्या श्रोत्यांबद्दल. एकाच गायकाला पन्नास वेळा, शंभर वेळा ऐकायला जाणारी ही माणसं असतात तरी कोण, आणि त्यांना मिळतं तरी काय?

हा प्रश्न माझ्या बायकोचा. पुढे मीही जायला लागलो, तेव्हा तिने विचारला. "तीच गाणी, तोच माणूस. घरात सीडी आहेत. मग एवढे पैसे मोजून पुन्हा पुन्हा काय ऐकायचं?" हा प्रश्न मी लहानपणी आमच्याच घरात ऐकला होता. त्याकडे नंतर येतो.

आधी माझ्या सहकाऱ्याविषयी. आमच्या इमारतीची देखभाल त्याच्याकडे होती. दिवे, पाण्याचे नळ, वातानुकूलन, सगळं तोच बघायचा. त्याने पहिला कार्यक्रम ऐकला १९७८ च्या सप्टेंबरमध्ये, पॅसेइक गावातल्या कॅपिटल थिएटरमध्ये. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. लागोपाठ तीन रात्री कार्यक्रम होते आणि पहिल्या रात्रीचा, १९ सप्टेंबरचा कार्यक्रम रेडिओवरून थेट प्रसारित झाला. त्याचं तिकीट दुसऱ्या रात्रीचं. म्हणून पहिल्या रात्री त्याच्या थोरल्या भावाने रेडिओजवळ बसून सगळा कार्यक्रम कॅसेटवर उतरवून घेतला. कॅसेटची बाजू पालटताना एका गाण्याचा थोडा भाग गेला, त्याची हळहळ दोघा भावांना पुढे वीस वर्षं होती.

आकाशवाणीवरचं संगीत संमेलन रात्री जागून टेप करणाऱ्या आपल्या रसिकांना यात नवल वाटणार नाही. त्या वर्षी अमेरिकेत असे काही कार्यक्रम रेडिओवरून थेट ऐकवले गेले आणि त्यांच्या कॅसेट एका हातातून दुसऱ्या हातात फिरत देशभर गेल्या. ज्यांनी स्प्रिंगस्टीनला कधी पाहिलं नव्हतं, त्यांना मंचावरचा स्प्रिंगस्टीन ठाऊक झाला तो रेडिओमुळे. २०१४ पासून तर तो जवळजवळ प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण अधिकृतपणे विकायला ठेवतो. पण माझ्या सहकाऱ्याने ती घासलेली कॅसेट टाकलेली नाही.

पुन्हा पुन्हा जाण्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे. उद्याचा कार्यक्रम आजच्यासारखा नसतो. १९९९ चा तो दौरा म्हणजे त्याच्या ई स्ट्रीट बँडचं दहा वर्षांनंतरचं पुनर्मीलन होतं आणि ईस्ट रदरफर्डला त्याने पंधरा रात्री कार्यक्रम केले. माझा सहकारी त्यांतल्या सात रात्री गेला. प्रत्येक रात्री वहीत गाण्यांचा क्रम लिहून आणायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला सांगायचा, कालच्यापेक्षा आज कोणती गाणी वेगळी झाली, कोणतं गाणं किती वर्षांनी बाहेर काढलं. क्रिकेटच्या आकड्यांत रमणारे लोक आपल्याकडे असतात, त्याच जातीतला हा माणूस. पुढे २००८-०९ च्या सुमारास लोक पुठ्ठ्यांवर फर्माइशी लिहून न्यायला लागले. स्प्रिंगस्टीन गर्दीतून ते पुठ्ठे गोळा करायचा, चाळायचा आणि त्यातला एखादा उचलून बँडला दाखवायचा. कधी कधी तर दुसऱ्याच कुणाचं जुनं गाणं असायचं, बँडने वर्षानुवर्षं न वाजवलेलं. मग मंचावरच सूर कोणता, सुरुवात कुणी करायची, याची कुजबुज. हजारो माणसांसमोर असं उघडं पडायला धाडस लागतं. गाणं जमलं तर आनंद, आणि अडखळलं तर त्याहून जास्त आनंद, कारण ती गंमत त्या एका रात्रीपुरती आपल्या मालकीची!

दुसरं कारण म्हणजे अंगमेहनत. हा माणूस तीन तास मंचावर असतो. ३१ जुलै २०१२ ला हेलसिंकीत तो चार तास सहा मिनिटं गायला, तेव्हा त्याची त्रेसष्टी दोन महिन्यांवर आली होती. मध्यंतर नाही. सदरा घामाने निथळतोय आणि गडी थांबायला तयार नाही. माझा सहकारी म्हणायचा, "मी दिवसभर राबून पैसे कमावतो. माझ्या पैशांचं मोल कळलेला हा माणूस आहे." शास्त्रीय संगीताच्या बैठकीत वाढलेल्या कुणाला हे मोजमाप ओबडधोबड वाटेल. पण राबणाऱ्याला राबणारा ओळखू येतो, हे खरं.

आणि रांगांची तर वेगळीच कथा. मंचाजवळ उभं राहायची जागा असते, तिथे खुर्च्या नसतात. जो आधी आत जाईल तो पुढे. त्यासाठी लोक दोन-दोन दिवस आधी येऊन बसायचे. मग चाहत्यांनीच यादी ठेवायला सुरुवात केली. आल्यावर तुमच्या हातावर शाईने क्रमांक लिहायचा, ठरलेल्या वेळांना हजेरी घ्यायची, हजेरीला नसलात तर नाव कापलं. पुढे अमेरिकेत आयोजकांनी लॉटरीची पद्धत आणली. दुपारी ठरलेल्या वेळेपर्यंत आलेल्या सगळ्यांना क्रमांकाची मनगटी पट्टी द्यायची, मग एक क्रमांक काढायचा आणि तिथून रांग सुरू करायची. समजा चारशे बारा निघाला, तर चारशे बारावा माणूस सर्वांत पुढे आणि चारशे अकरावा सर्वांत शेवटी! मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला लालबागची आमची चाळ आठवली. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी हंडे लावून ठेवायचो. कुणाचा हंडा कुठे, हे सगळ्यांना पाठ असायचं. भांडणं व्हायची, पण रांग मोडत नसे. या रांगांमध्ये मी वकील पाहिले, ट्रकचालक पाहिले, नर्सेस पाहिल्या, आईबरोबर आलेली शाळकरी मुलं पाहिली. इटलीहून, स्पेनहून सुट्टी काढून आलेले लोक पाहिले. डब्यातलं एकमेकांना देत, एकमेकांची जागा राखत सगळे बसलेले असतात.

आता लालबागचं नाव निघालंच आहे, तर तिकडे वळतो.

माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कधी रीतसर मिटलाच नाही. माझं वय तेव्हा पंधरा. बाबा रोज सकाळी नेहमीच्या वेळेला उठायचे, दाढी करायचे आणि गॅलरीत बसून राहायचे. बोलायचे नाहीत.

त्याच जानेवारीत, जगाच्या दुसऱ्या टोकाला, न्यू जर्सीतल्या कोल्ट्स नेक गावी स्प्रिंगस्टीन भाड्याच्या घरात एकटा बसून साध्या कॅसेटवर गाणी मुद्रित करत होता. गिटार, माउथऑर्गन आणि आवाज, फारसं आणखी काही नाही. ती कॅसेट तो खिशात घालून हिंडला. पुढे बँडबरोबर स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण मनासारखी झाली नाहीत. शेवटी त्या कॅसेटवरूनच तबकडी निघाली. तिचं नाव 'नेब्रास्का'. नोकरी गेलेली, कर्जात बुडालेली, वाट चुकलेली माणसं तिच्यात आहेत. महवा इथला मोटारींचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला होता, त्यावरून सुरू होणारं एक गाणंही आहे. स्प्रिंगस्टीनच्या चाहत्यांमध्ये दोन तट आहेत. काहींचं दैवत 'बॉर्न टू रन', काहींचं 'नेब्रास्का'. वाद घालायला बसले की रात्र पुरत नाही. मी दुसऱ्या तटातला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

यातलं मला मुंबईत असताना काहीच ठाऊक नव्हतं. ३० सप्टेंबर १९८८ ला अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या मानवी हक्क दौऱ्यात तो दिल्लीला जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गाऊन गेला. स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन असे मोठमोठे गायक बरोबर होते. मी तेव्हा नोकरीसाठी अर्ज खरडत होतो. दिल्लीचं भाडंही परवडलं नसतं.

२००३ मध्ये आई-बाबा आमच्याकडे एडिसनला आले. एका रविवारी बाबांना मोटारीतून फिरवत होतो आणि 'नेब्रास्का' लावलेली होती. बाबांना इंग्रजी येत नव्हतं. दोन-तीन गाणी झाल्यावर म्हणाले, "हा माणूस दमलाय रे." मी विचारलं, "बंद करू का?" म्हणाले, "नको. असू दे."

तसाच त्यांना फ्रीहोल्डला घेऊन गेलो. तिथे गालिच्यांची मोठी गिरणी होती. स्प्रिंगस्टीनच्या वडिलांनीही काही काळ तिथे काम केलं होतं. साठच्या दशकात ती बंद झाली. 'माय होमटाउन' हे १९८४ चं त्याचं गाणं या गावावरचंच. बाबा फुटपाथवर उभे राहून जुन्या विटांच्या भिंतींकडे बघत राहिले.

"संप झाला होता काय?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. मालकांनी काम दक्षिणेकडे हलवलं. तिकडे मजुरी स्वस्त."

"मग तसंच," ते म्हणाले, आणि मोटारीत जाऊन बसले.

परतताना मात्र बोलायला लागले. संपाबद्दल नव्हे, त्याच्याही आधीच्या दिवसांबद्दल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेखांना ऐकायला कसे जायचे, पाळी सुटली की कुठल्या मैदानापर्यंत चालत जायचे, डफावर थाप पडली की अंगावर काटा कसा यायचा. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "आणि लग्नानंतरसुद्धा हेच. शाहीर कुठे आहेत कळलं की निघाले. मी म्हणायची, ऐकलाय ना तो पोवाडा दहा वेळा? तोच तो काय ऐकायचा?" बाबा हसले. म्हणाले, "दहा वेळा ऐकला म्हणून तर पाठ झाला. आणि पाठ होता म्हणून शाहिराबरोबर म्हणता आला. घरात एकट्याने म्हणून काय होतं?"

माझ्या बायकोच्या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. गाणं तबकडीवर ऐकताना ते गायकाचं असतं. पन्नास हजार माणसांबरोबर म्हणताना ते आपलं होतं. स्प्रिंगस्टीन तर कितीतरी वेळा गाण्याची पहिली ओळ लोकांवर सोडून देतो आणि गप्प उभा राहतो. लोक गातात. आपल्या गिरणीची, आपल्या बापाची, आपल्या फसलेल्या लग्नाची गोष्ट दुसऱ्यांनाही पाठ आहे, हे तिथे कळतं.

ब्रिटनमधला सरफराज मंझूर हा पत्रकार पाकिस्तानातून आलेल्या कामगाराचा मुलगा. ल्यूटन गावात शाळेत असताना त्याला मित्राने स्प्रिंगस्टीनच्या कॅसेट दिल्या आणि तो कायमचा भक्त झाला. त्याच्या आत्मकथनावर गुरिंदर चढ्ढा यांनी २०१९ मध्ये 'ब्लाइंडेड बाय द लाइट' हा चित्रपट काढला. तो बघताना मला वाटलं, न्यू जर्सीच्या गल्ल्यांची गाणी ल्यूटनला पोचतात, लालबागला पोचतात, ती काही गल्ल्यांच्या नावांमुळे नव्हे.

आमच्या आठवणीतली सर्वांत मोठी रात्र २२ सप्टेंबर २०१२ ची. मेटलाइफ स्टेडियम, विजांचा कडकडाट, धो धो पाऊस. दोन तास आम्ही सगळे छपराखाली दाटीवाटीने उभे. रात्री साडेदहाच्या सुमारास कार्यक्रम सुरू झाला. मध्यरात्र उलटली आणि त्याचा त्रेसष्टावा वाढदिवस लागला. हजारो लोकांनी वाढदिवसाचं गाणं म्हटलं आणि केक घेऊन त्याची म्हातारी आई मंचावर आली! त्या दौऱ्यात बँडचा सॅक्सोफोनवादक क्लॅरन्स क्लेमन्स नव्हता. जून २०११ मध्ये तो गेला होता. त्याच्या जागी त्याचा पुतण्या जेक उभा होता. क्लॅरन्सचा उल्लेख येणाऱ्या गाण्यात त्या जागी सगळी वाद्यं थांबायची आणि ती शांतता लोक टाळ्यांनी, आरोळ्यांनी भरून काढायचे. माझा सहकारी शेजारी उभा राहून लहान मुलासारखा रडत होता. १९७८ मध्ये त्या सॅक्सोफोनपासून तो वीस फुटांवर उभा होता.

आणि हाच माणूस आता कार्यक्रमाला जात नाही. तेही सांगायला हवं, नाहीतर माझं बोलणं नुसती आरती होईल.

जुलै २०२२ मध्ये नव्या दौऱ्याची तिकिटं निघाली. मागणी वाढली की भाव आपोआप चढतो, अशी विक्रीची पद्धत होती. काही तिकिटं चार-पाच हजार डॉलरपर्यंत गेली. ओरड झाली. स्प्रिंगस्टीनचं म्हणणं असं, की इतकी वर्षं आपण इतरांपेक्षा कमी दर ठेवले, आणि काळ्या बाजारवाल्यांच्या खिशात जाणारा पैसा मंचावर घाम गाळणाऱ्यांना का मिळू नये? त्यात तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. पण 'बॅकस्ट्रीट्स' नावाचं चाहत्यांचं नियतकालिक १९८० पासून चालू होतं, ते फेब्रुवारी २०२३ मध्ये बंद झालं. आता पूर्वीसारखं मन लागत नाही, असं सांगून चालवणाऱ्यांनी ते मिटवलं. माझ्या सहकाऱ्याने ती बातमी मला फोनवर वाचून दाखवली.

ऑगस्ट २०२३ च्या मेटलाइफच्या कार्यक्रमाची वरच्या मजल्याची दोन तिकिटं मला बेताच्या दरात मिळाली. त्याला म्हटलं, चल. तो म्हणाला, "पैशांचा प्रश्न नाही. मी पंचेचाळीस वर्षं रांगेत उभा राहिलो. मला वाटायचं, त्याला आम्ही दिसतो." मी वाद घातला. आवाज चढले. पंचवीस वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदाच आम्ही भांडलो.

शेवटी मी मुलीला घेऊन गेलो. त्या दौऱ्यात गाण्यांचा क्रम रोज जवळजवळ तोच होता आणि जुने चाहते त्यावर कुरकुरत होते. पण त्यामागे हेतू होता. मध्यावर तो आपल्या शाळकरी वयातल्या पहिल्या बँडची गोष्ट सांगायचा. त्यातला जॉर्ज थाइस २०१८ मध्ये गेला आणि त्या मुलांपैकी आपण एकटेच उरलो, हे सांगून गिटारवर गायचा. शेवटचं गाणं एकट्यानेच, गेलेल्या माणसांसाठी. ते सुरू झालं तेव्हा मुलीने मला न विचारता सहकाऱ्याला फोन लावला आणि फोन उंच धरून उभी राहिली. पलीकडून कुणी काही बोललं नाही. गाणं संपेपर्यंत फोन चालू होता.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. "आवाज आहे अजून त्याच्यात," एवढंच आधी म्हणाला. मग काल कोणती गाणी वगळली, त्यावर अर्धा तास तक्रार केली. सप्टेंबरमध्ये पोटाच्या अल्सरमुळे स्प्रिंगस्टीनने पुढचे कार्यक्रम लांबणीवर टाकले, तेव्हा रोज सकाळी बातमी काढून मला कळवणारा हाच. २०२५ च्या जूनमध्ये आजवर न काढलेल्या सात अल्बमांचा संच आला, तोही त्याने पहिल्याच दिवशी घेतला. कार्यक्रमाला मात्र पुन्हा गेला नाही. रुसवा धरायलाही हक्क लागतो, आणि तो त्याने रांगेत उभं राहून मिळवला आहे.

बाबा २०११ मध्ये गेले. मला त्यांच्याबरोबर शाहिराला ऐकायला जाता आलं नाही, तो काळच माझ्या वाट्याला आला नाही. पण हजारो माणसं एका आवाजात गायला लागली, की मला डफावरची थाप ऐकू येते. बायको आता विचारत नाही. निघताना फक्त एवढंच म्हणते, "पाऊस आहे, छत्री ने."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)